कंपनीच्या पैशावर एम.टेक. केलं, त्याचा हिशेब

खडीक्रशर

मंडळी, भाचीला एका बांधकाम कंपनीचं पत्र आलंय. बी.ई. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंपनी एम.टेक.ची दोन वर्षांची फी भरणार, दर महिन्याला विद्यावेतन देणार आणि त्यानंतर तिने तीन वर्षं त्यांच्याकडे नोकरी करायची. ताईचा फोन आला, "तू हेच केलं होतंस ना रे? घेऊ दे का तिला?" मी "चांगलं असतं" म्हणालो आणि फोन ठेवला. रात्री झोप लागेना. चांगलं असतं म्हणजे काय, ते नीट सांगायला नको? म्हणून इथे लिहितोय, तिला लिंक पाठवीन. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. व्यनि (खासगी निरोप) करूनही विचारू नका. तिथली बरीच माणसं माझ्याशी चांगली वागलेली आहेत आणि अजून तिथेच आहेत.

२०१५ ला कराडच्या सरकारी कॉलेजातून बी.ई. झालो. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. गेट (एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा) दिली होती, पण स्कोअर असा की मनासारखं कॉलेज मिळालं नसतं. त्यात कंपनीची जाहिरात आली. लेखी परीक्षा, मग पुण्यात मुलाखत, मग मेडिकल.

मुलाखतीला तिघे जण होते. दोघांनी नेहमीचं विचारलं. तिसरे साठीचे, शर्टाच्या खिशात मोजायची टेप. त्यांनी एकच प्रश्न टाकला, क्यूबचा. (क्यूब म्हणजे स्लॅबच्याच काँक्रीटचे भरून ठेवलेले ठोकळे, ते फोडून ताकद मोजतात.) "एका स्लॅबचे तीन क्यूब २८ दिवसांनी फोडले. सरासरी झकास. पण तिसरा एकटा सरासरीपेक्षा २० टक्क्यांनी खाली. काय करशील?" मी पाठ केलेलं धाडकन सांगितलं: आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सरासरीपासूनचा फरक १५ टक्क्यांच्या आत हवा, म्हणून सॅम्पल बाद. ते म्हणाले, "सॅम्पल झालं बाद. आणि स्लॅब?"

मी गप्प. स्लॅब महिन्यापूर्वी टाकून झालेला, वर दोन मजले चढलेले. तो कुठे बाद करणार? ते हसले आणि म्हणाले, "जा, बाहेर बस." मला वाटलं, गेलं. पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं.

आता बॉन्ड. तेव्हा १०० रुपयांचा स्टँप पेपर चालायचा (आता महाराष्ट्रात ५०० चा लागतो). दोन जामीन, त्यातला एक कायम नोकरीवाला आणि घरच्या माणसाखेरीज हवा. तीन वर्षं पुरी केली नाहीत तर ६ लाख भरायचे. वडिलांनी सही केली. दुसऱ्या सहीसाठी मोठ्या मामांकडे गेलो, ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मामांनी चष्मा लावून अकराच्या अकरा पानं वाचली. इंग्रजी, त्यातही वकिली इंग्रजी. अर्ध्या तासाने मान वर करून म्हणाले, "ह्यात तुला कुठं पाठवणार, ते कुठाय?"

मी म्हटलं, ते नंतर कळतं.

"आम्हाला बदलीचा जीआर तरी असतो बाबा," असं म्हणून त्यांनी सही ठोकली.

मला तेव्हा हसू आलं होतं. ह्या धाग्यात मला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. बाकी सगळा त्याचा विस्तार.

कॉलेजची दोन वर्षं मजेत गेली. दक्षिणेतलं एनआयटी, मेसचा भात, पहिलं सेमिस्टर आजारपणात, पुढे सवय. बांधकामाचं नियोजन, करार, फॉर्मवर्क, यंत्रसामग्री असे विषय होते. आम्हाला बाकीचे 'कंपनीवाले' म्हणायचे. गेटवाल्यांना सरकारकडून महिना १२,४०० मिळायचे, त्या बदल्यात आठवड्याला ८ तास खालच्या वर्गांची प्रॅक्टिकलं घ्यायची, वह्या तपासायच्या. आम्हाला कंपनी १३,००० द्यायची आणि वह्या तपासायच्या नव्हत्या. पहिल्या वर्षी आमचा हेवा झाला. दुसऱ्या वर्षी कॅम्पसला कंपन्या आल्या, सगळे कडक इस्त्रीचे शर्ट घालून रांगेत, आणि आम्ही 'कंपनीवाले' मेसमध्ये कॅरम खेळतोय. तेव्हा हेवा उलटा वाहायला लागला. माझ्या खोलीतल्या मित्राला माझ्या ठरलेल्या पगाराच्या दीडपट मिळाले. त्या रात्री मी कॅलक्युलेटर घेऊन बसलो होतो, खोटं कशाला सांगू.

प्रबंधाचा विषयही कंपनीने सुचवलेला. मला फ्लाय अ‍ॅश घातलेल्या काँक्रीटच्या टिकाऊपणावर काम करायचं होतं. कंपनीला अ‍ॅल्युमिनियम शटरिंगच्या एका स्लॅबपासून दुसऱ्या स्लॅबपर्यंतचे दिवस कमी करायचे होते. 'सुचवलेला' ह्या शब्दाचा अर्थ तिथे कळला. (आज माझं पोट त्याच विषयावर चालतं. दैव म्हणा.)

पोस्टिंग. डिझाइन ऑफिसची स्वप्नं होती. पत्रात छत्तीसगडमधला एक रेल्वेपूल निघाला आणि विभाग: बिलिंग. चौदा महिने मी एम.टेक. होऊन सळ्या मोजल्या. आलेलं स्टील, लागलेलं स्टील, उरलेले तुकडे, ह्यांचा ताळा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला वजन, हे सूत्र झोपेत बडबडायचो. १२ मिलीमीटरची सळी ०.८८८ किलो, १६ ची १.५८. पहिल्या महिन्यात माझ्या हिशेबापेक्षा दीड टन स्टील जास्त निघालं. रात्रभर जागलो. फिटर टोळीचा मुकादम मालदा जिल्ह्यातला, शाळा चौथी. त्याने माझा सळ्या कापण्या-वाकवण्याचा तक्ता बघितला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहब, मोड में सरिया लंबा होता है, आपने काटा नहीं." वाकवताना सळी ताणली जाते, म्हणून कापायच्या लांबीतून प्रत्येक मोडाचे काही मिलीमीटर वजा करायचे असतात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते.

बिलिंगला मी तेव्हा शिव्या घातल्या. आता वाटतं, काम कुठे पैसा खातं ते तिथेच दिसलं. पण हे 'आता वाटतं' आहे. त्या चौदा महिन्यांत कुणी हे सांगितलं असतं तर त्याला सळीच दाखवली असती.

मग एक्झिक्युशनला, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामावर, टाकलं. एक रात्र सांगतो. खांबाच्या टोपीचं काँक्रीट चालू, माल बाहेरच्या प्लँटवरून येतोय, वाटेत ट्रक उलटल्याने रस्ता बंद. दोन गाड्या एकदम आल्या. पहिली दीड तासाची, स्लंप (काँक्रीटचा सैलपणा) बसलेला. क्वालिटीवाल्याने मोजून अ‍ॅडमिक्श्चरचा (काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाचा) डोस दिला, माल हलला, घेतला. दुसरी गाडी निघून सव्वादोन तास झालेले. आयएस ४९२६ (तयार काँक्रीटचं मानक) प्रमाणे माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. पंपवाला म्हणतो, "साहेब, दोन बादल्या पाणी मारतो, लोण्यासारखा होईल." ड्रायव्हरने पाण्याचा पाइप हातात घेतलासुद्धा. परत पाठवावी तर आधीच्या थरावर कोल्ड जॉइंट होण्याची (खालचा थर घट्ट होऊन वरचा त्याच्याशी एकजीव न होण्याची) भीती. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "तिथे तू आहेस, मी नाही. तूच सांग." गाडी परत पाठवली. पुढची पंचवीस मिनिटांत आली, तोवर वरच्या थरात नीडल (काँक्रीट हलवणारं कंपनयंत्र) फिरवत ठेवली. सहा घनमीटर माल वाया, सकाळी स्पष्टीकरण लिहून द्यावं लागलं. बोलणी खाल्ली, पण स्पष्टीकरण मान्य झालं. माझ्या मते माझं एम.टेक. त्या रात्री पुरं झालं.

आता वाईट भाग. बॉन्डच्या दुसऱ्या वर्षी वडिलांची बायपास झाली. पुण्याच्या आसपास कंपनीची तीन कामं चालू होती. बदली मागितली. उत्तर: बॉन्डच्या काळात नेमणूक कंपनीच्या गरजेनुसार. परत मागितली. हेच उत्तर, फक्त तारीख बदललेली. सात महिने. आई एकटी, बहीण सासरी. सोडायचं ठरवलं आणि कागद काढले, तर ६ लाख ते ६ लाखच. दोन वर्षं काम झालं म्हणून एक रुपया कमी नाही. आणि जामीन मामा, त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलेलं. मी फोनवर कसंबसं बोललो. मामा म्हणाले, "फंडातून काढू, तू ये." तेच ऐकून सोडता आलं नाही.

आठव्या महिन्यात बदली झाली. कुणी मनावर घेतलं म्हणून नव्हे, तिकडचा एक जण सोडून गेला म्हणून. बॉन्ड २०२० च्या जुलैत संपला. लॉकडाउनमध्ये दीडपट पगारवाल्या मित्राला घरी बसवलं, माझी नोकरी टिकली, हेही लिहायला हवं. नंतर मी आणखी दीड वर्ष आपणहून राहिलो.

तर भाचे, पैसे किती देतात हे शेवटी बघ. कुठे पाठवायचं ते कोण ठरवणार, बदली मागता येते का, आणि वर्षागणिक रक्कम कमी होते का, हे आधी विचार. मामाआजोबांनी अर्ध्या तासात काढलेला प्रश्न मला कळायला चार वर्षं लागली.

तांबडा_रस्सा

ह्याला मराठीत वेठबिगारी म्हणतात. शिष्यवृत्ती नाव दिलं की गोड वाटतं.

खडीक्रशर

रस्सेभाऊ, वेठबिगाराला पंधरा मिनिटं उशीर झालेल्या गाडीवर निर्णय घेऊ देत नाहीत. पण राग समजू शकतो, सात महिने मीही हाच शब्द वापरत होतो.

कोर्टाची_पायरी

लेख आवडला. मी वकील, सल्ला मात्र फुकटचा आहे, तेवढ्याच किमतीचा समजा.

लोक दोन टोकांना असतात. एक म्हणतात 'बॉन्ड कोर्टात टिकतच नाही', दुसरे म्हणतात 'सही केली, मेलास'. दोन्ही चूक. ह्यातला गाजलेला निवाडा आपल्या कल्याणचा आहे. सेंच्युरी रेयॉनने टायर कॉर्डचं परदेशी तंत्रज्ञान आणलं, एका शिफ्ट सुपरवायझरला पाच वर्षांच्या करारावर घेऊन प्रशिक्षण दिलं. तो मधेच सोडून जास्त पगारावर कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६७ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कराराची मुदत चालू असताना 'दुसरीकडे जाणार नाही' हे बंधन चालू शकतं, असं न्यायालय म्हणालं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आडवं येतं ते प्रामुख्याने नोकरी संपल्यानंतर घातलेल्या बंदीला.

अलीकडे, मे २०२५ मध्ये, विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाख भरण्याची अटही सर्वोच्च न्यायालयाने वैध धरली. तिथे बँक सरकारी होती, भरतीला खर्च आणि वेळ लागतो हे न्यायालयाने विचारात घेतलं.

दुसरी बाजू कलम ७४ ची. करारात ६ लाख लिहिलंय म्हणून ६ लाख आपोआप मिळत नाहीत. ती कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई किती, ते न्यायालय ठरवतं. दोन वर्षं इमानाने काम केलेल्याकडून पुरे ६ लाख मागणं, ह्यावर तुम्हाला भांडता आलं असतं. पण भांडायला वेळ आणि पैसा कुणाचा, हा प्रश्न राहतोच. म्हणून सहीआधी प्रमाणशीर कपातीचं एक वाक्य घालून घेणं स्वस्त. आणि मूळ गुणपत्रकं, पदवी कंपनीकडे ठेवून घेणार असतील तर तिथेच नाही म्हणा.

हिशेबनीस

खडीक्रशर, तुमच्याच आकड्यांनी बेरीज करतो, रागावू नका. विद्यावेतन १३,००० गुणिले २४ म्हणजे ३,१२,०००. गेटवर गेला असतात तर १२,४०० गुणिले २४, म्हणजे २,९७,६०० सरकारने दिलेच असते, बॉन्डशिवाय. फरक १४,४००. म्हणजे कंपनीने तुम्हाला प्रत्यक्षात दिलं काय? फी, चौदा हजार चारशे आणि नोकरीची हमी. त्यावर ६ लाखांचा बोजा.

ज्याला गेटवर चांगली जागा मिळतेय त्याने हा हिशेब भिंतीवर चिकटवावा. ज्याला मिळत नाही त्याच्यासाठी जागेचीच किंमत आहे, ती रुपयात मांडता येत नाही.

अजून एक. 'शिष्यवृत्ती' ह्या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू कोंबलेल्या असतात. पहिली खरी देणगी. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, त्यातल्या शिष्यवृत्त्या ह्या प्रकारच्या. दुसरी कर्ज. तिसरी तुमची, म्हणजे आगाऊ पगार. पत्रात शब्द कुठलाही असो, मागे बॉन्ड असेल तर ती तिसरी. करापुरतं: शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(१६) खाली करमुक्त होती. तिसऱ्या प्रकारात कंपनी कागदावर काय नाव देते ते सीएला दाखवा.

खडीक्रशर

हिशेबनीस, मेसमध्ये कॅलक्युलेटर घेऊन बसलो होतो तेव्हा तुम्ही शेजारी हवे होतात. १४,४०० हा आकडा मी आज पहिल्यांदा बघतोय. दहा वर्षं झाली.

फी दोन वर्षांची साधारण १ लाख ४० हजार होती. म्हणजे सगळं मिळून दीड लाखाच्या आसपास. गेटचा माझा स्कोअर बघता ती जागा मला दीड लाखात स्वस्तच पडली असं मी अजूनही म्हणेन, पण आवाज जरा खाली आलाय.

माळावरचा_अभियंता

इतर मुलांसाठी: ह्या प्रकारात सगळ्यांत माहितीची योजना एल अँड टीची 'बिल्ड इंडिया स्कॉलरशिप'. सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी, बांधकाम तंत्रज्ञान व व्यवस्थापन ह्या विषयात आयआयटी, एनआयटीत एम.टेक. अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचाव्यात. धागाकर्ते, तुमची तीच का?

खडीक्रशर

नाही, ती नव्हे. आणि आता यादी वाचून एकेक नाव विचारू नका.

आखेनकर

इकडची गंमत सांगतो. मी जर्मनीत सिव्हिलचं मास्टर्स करतोय. इथे २०११ पासून 'डॉइचलांडस्टिपेंडियम' आहे. महिना ३०० युरो. त्यातले १५० केंद्र सरकार देतं, १५० एखादी कंपनी किंवा खासगी देणगीदार. घरचं उत्पन्न बघत नाहीत, गुण आणि बाकीची धडपड बघतात. मुख्य म्हणजे बदल्यात काम कर, नोकरीला ये, अशी अट घालताच येत नाही.

माझा अर्धा भाग एक प्रीकास्टवाली कंपनी देते. वर्षातून एकदा केक-कॉफीला बोलावतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सतत वाट बघत होतो की आता कागद पुढे करतील, आता करतील. शेवटपर्यंत कुणी काही काढलं नाही. केक खाऊन घरी आलो आणि आईला फोन केला तर ती म्हणाली, "नीट बघ, काहीतरी असेल."

पण ३०० युरोत माझं घरभाडंसुद्धा निघत नाही, हेही सांगतो. त्यासाठी आठवड्याला वीस तास काम करतोच, त्याच गावातल्या एका डिझाइन ऑफिसात. बॉन्ड नाही म्हणजे ओझं नाही असं नाही.

तांबडा_रस्सा

आखेनकर, आईचं वाक्य फ्रेम करून ठेवा.

मृण्मयी_साइटवर

सगळे भाऊ-काका बोलले, आता मी बोलते, कारण पत्र भाचीला आलंय.

मीही बॉन्डवाली, दुसरी कंपनी, पदविकेनंतरची योजना. मुलाखतीत मला क्यूबबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं, "साइट चालेल का? घरचे पाठवतील का?" बरोबरच्या मुलांना हा प्रश्न नव्हता. मी हो म्हटलं. साइटवर पोचले तर बॅचलर्स कॅम्प मुलांचा. मुलींसाठी खोली गावात भाड्याने, अठरा किलोमीटरवर. रात्रीचा स्लॅब असला की परत जायला गाडी आहे की नाही हे दर वेळी विचारायचं. दोन वेळा नव्हती. शेवटी कुणी मुद्दाम नाही, पण 'मॅडमना कशाला त्रास' म्हणत मला रात्रीच्या कामातून काढलं आणि ऑफिसात बसवलं. खडीक्रशरदादांनी जी रात्र सांगितली ना, तशी रात्र मला मिळावी म्हणून मी दीड वर्ष भांडले. बॉन्डमध्ये दिवस सगळ्यांचे सारखेच मोजतात, त्यात तुम्हाला काय शिकायला मिळालं ते कुणी मोजत नाही.

तर भाचीने हे विचारावं: राहायची सोय साइटवर की गावात, रात्रपाळीला गाडी कुणाची, साइटवर मुलींसाठी शौचालय कुठे आहे (आहे का, असं विचारू नये, 'कुठे' विचारावं, मग चेहरा बघावा). कंपनीच्या त्या साइटवर आत्ता काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी फोनवर बोलायला मिळेल का, हेही. जी कंपनी नंबर देते ती निम्मी पास.

आणि गमबूट. स्टोअरमध्ये सहा नंबरच्या खाली काही नसतं. मी पहिला पावसाळा दोन-दोन मोजे घालून काढला.

खडीक्रशर

मृण्मयी, हे मला सुचलंच नसतं. माझ्या सगळ्या लिखाणात हा प्रश्न नाही, आणि पत्र कुणाला आलंय हे मीच पहिल्या ओळीत लिहिलंय. ताईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्या बाईंना विचार, आता कुठे असतात."

मृण्मयी_साइटवर

सध्या एका मेट्रोच्या कामावर, क्वालिटीला. रात्रपाळी आहे, गाडी आहे. :)

सेवानिवृत्त_उपअभियंता

सार्वजनिक बांधकाम खात्यात ३३ वर्षं काढली, आम्हाला सरकारचाच बॉन्ड, मरेपर्यंत. असो.

कर्जरूपी शिष्यवृत्ती ही काही नवी गोष्ट नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी एन्डाउमेंट सुरू केली, ती आजही कर्जशिष्यवृत्तीच देते. पैसे परत करा, पुढच्याला उपयोगी पडतील; कुठे नोकरी करायची ते तुमचं तुम्ही बघा. हा प्रकार मला सरळ वाटतो.

पण माझा प्रश्न वेगळा. खिशात टेपवाल्यांनी विचारलेल्या स्लॅबचं उत्तर तुम्ही ह्या धाग्यात दिलंच नाहीत. आता काय सांगाल?

खडीक्रशर

सर, पकडलंत.

आता त्यांच्यासमोर बसलो तर आधी विचारीन, तिसरा क्यूब भरला कुणी. १५० मिलीमीटरचा साचा, तीन थर, प्रत्येक थराला ३५ टोले, हे कागदावर. साइटवर चहाची वेळ झाली की तिसऱ्या साच्याला पंधरा बसतात. त्या दिवशीचे बाकीचे क्यूब, बॅचचा रिपोर्ट, स्लंपची नोंद बघीन. मग त्या स्लॅबवर रिबाउंड हॅमर (आपटून काँक्रीटचा टणकपणा बघायचं साधन) फिरवून कुठला भाग कमजोर वाटतो ते शोधीन. शंका राहिली तर कोअर, म्हणजे स्लॅबमधूनच कापून काढलेला नमुना. कोअरची सरासरी ग्रेडच्या (ठरलेल्या ताकदीच्या) ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसेल तर स्लॅब पास. तिथेही अडकलं तर लोड टेस्ट. आणि तोवर वरच्या मजल्याचं काम थांबवीन, मग ओरडू दे कुणालाही.

सेवानिवृत्त_उपअभियंता

काम थांबवणं सगळ्यांत आधी सांगायचं असतं. बाकी ठीक. दहापैकी आठ.

खडीक्रशर

मंडळी, धागा वर काढतोय, कारण बातमी आहे.

भाचीने स्वतः मेल लिहिला. मी मसुदा करून देत होतो तर म्हणाली, "मामा, तू खूप लांब लिहितोस." पाच प्रश्न, पाच ओळी. आठ दिवसांनी उत्तर आलं.

रक्कम कमी होते का? होते. दर पुऱ्या वर्षाला एक तृतीयांश. हे पत्रात नव्हतं, विचारल्यावर सांगितलं. आता करारात घालून मागितलंय. मूळ कागद ठेवून घेत नाहीत, फक्त दाखवायचे. बदली: एक वर्षानंतर अर्ज करता येईल, निर्णय कंपनीचा. म्हणजे माझ्या वेळेपेक्षा एक वाक्य जास्त. साइटवरच्या मुलीचा नंबर दिला, भाची तिच्याशी पाऊण तास बोलली, काय बोलली ते मला सांगितलेलं नाही. पहिली नेमणूक कुठे, ह्याला उत्तर आलं: "प्रकल्पाच्या गरजेनुसार."

मामा आता पासष्टीला आलेत. त्यांना फोनवर हे वाक्य वाचून दाखवलं. म्हणाले, "अजून जीआर निघाला नाही वाटतं."

तिची गेटची जागा येते का ते आठवड्यात कळेल, कंपनीची मुदत त्यानंतर चार दिवसांनी संपते. हिशेबनीसांची बेरीज तिने वहीत उतरवून घेतलीय, स्वतःच्या आकड्यांनी. जामीन म्हणून सही करायला मी तयार आहे हे सांगून ठेवलंय, अकरा पानं वाचूनच.

आणि मृण्मयी, तुमच्यासाठी निरोप आहे. चार नंबरचे गमबूट कुठे मिळतात?

मृण्मयी_साइटवर

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सेफ्टीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे विचारायचं. लहान मुलांचे दाखवतील, ते घ्यायचे नाहीत, टोकाला स्टील नसतं. पाचचे मिळाले तर घे आणि एकच मोजा जाड घाल. गेटची जागा आली तरी घेऊन ठेव, प्रॅक्टिकलला लागतील.